वळून पाहणारा लांडगा

कुत्रा हा लांडग्याचाच वंशज. मग एकजण भाकरीच्या तुकड्यावर जगतो, दुसरा का नाही? २०१३ साली संशोधकांनी दाखवले, की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या प्रती लांडग्यात सहसा दोनच असतात, बहुतेक कुत्र्यांत कितीतरी अधिक. आपल्या उष्ट्याने त्याचे पोट बदलले म्हणा ना!

मला मात्र कुतूहल आहे ते त्याच्या नजरेचे. बुडापेस्टच्या संशोधकांनी माणसांच्या हातांवर वाढलेले लांडगे आणि कुत्रे घेतले. दोरी ओढली की मांस मिळते, हे दोघांना शिकवले आणि मग दोरी गुपचूप बांधून टाकली. लांडगे ओढतच राहिले. कुत्र्यांनी थोडे ओढून पाहिले, मग वळून माणसाच्या तोंडाकडे पाहिले. हे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०१९ मध्ये कळले, की भुवईचा आतला कोपरा उचलणारा स्नायू कुत्र्यात ठळक असतो, लांडग्यात जवळजवळ नसतोच. ते केविलवाणे आर्जव असे हाडामांसात उतरले आहे.

याला कुणी लाचारी म्हणेल. मी म्हणणार नाही. मागता येणे हीही एक भाषाच. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना मालक नाही. तरी टपरीवर कुणी पाव मोडला, की ती आधी त्याच्या तोंडाकडे पाहतात, पावाकडे नंतर.