सरहद्दीवरील विद्या
(महोत्सवप्रसंगीं दिलेलें व्याख्यान)



सरहद्द म्हटली कीं तलवारी आणि जळालेलीं गांवें एवढेंच डोळ्यांपुढें येतें. आज आम्ही आपणांस पिरेनीज पर्वताच्या दक्षिण पायथ्याच्या एका सरहद्दीची हकीकत सांगूं इच्छितों. उत्तरेस फ्रँकांचें ख्रिस्ती राज्य, दक्षिणेस कोर्दोवाची मुसलमानी सत्ता, आणि मध्यें हा मुलूख. इतिहासकार त्यास ‘स्पॅनिश मार्क’ म्हणतात.

त्याचा आरंभच चमत्कारिक आहे. इ. स. ७७८ मध्यें शार्लमेन राजा पर्वत ओलांडून आला, तो बार्सेलोनाच्या मुसलमान सुभेदाराच्या निमंत्रणावरून! सारागोसाचे दरवाजे मात्र उघडले नाहींत, आणि परततांना त्याची पिछाडी कापून काढली ती बास्क डोंगरी लोकांनीं. पुढें ८०१ मध्यें त्याचा पुत्र लुई यानें बार्सेलोना घेतलें. ओसाड जमीन जो लागवडीस आणील व तीस वर्षें वाहील, त्याची ती होई. दक्षिणेकडून आलेलीं पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबें अशा रीतीनें तेथें स्थिरावलीं.

इ. स. ९६७ मध्यें बार्सेलोनाचा कौंट बोरेल यानें फ्रान्समधील ओरियाक मठांतून गेर्बेर नांवाच्या तरुण मठवाशास सोबत आणलें व गणित शिकण्यासाठीं विक येथील बिशप आत्तो यांच्या स्वाधीन केलें. उत्तरेस दुर्मिळ झालेली ही विद्या अरबांच्या शेजारीं जिवंत होती. गेर्बेर पुढें स्वतः शिकवूं लागले तेव्हां त्यांच्या हिशेबाच्या पाटीवरील सोंगट्यांवर नऊ अंक लिहिलेले असत. ते अंक मूळचे आपल्या हिंदुस्थानचे, अरबांच्या हातून तिकडे गेलेले. शून्य मात्र त्यांत नव्हतें. हेच गेर्बेर ९९९ मध्यें दुसरे सिल्व्हेस्टर या नांवानें पोप झाले.

त्यांची जिज्ञासा शिक्षणाबरोबर संपली नाहीं. ९८४ मध्यें त्यांनीं बार्सेलोनाच्या लुपितुस नामक गृहस्थास पत्र धाडून त्यानें भाषांतरिलेला ज्योतिषाचा ग्रंथ मागितला. दुसऱ्याच वर्षीं कोर्दोवाचा सर्वाधिकारी अल्-मन्सूर यानें बार्सेलोना जाळलें व अनेक रहिवाशांस कैद करून नेलें. सरहद्दीचें खरें रूप कळावयास हीं दोन वर्षें एकत्र वाचावींत, असें आम्हांस वाटतें.

बोरेलनें फ्रँक राजाकडे कुमक मागितली. ९८८ च्या सुमारास नवा राजा ह्यूग कापे याच्या वतीनें त्यास उत्तर लिहिलें तें गेर्बेर यांनींच: प्रथम येऊन राजनिष्ठा प्रकट करावी, मग सैन्य निघेल. बोरेल गेला नाहीं. सैन्यही निघालें नाहीं. आणि त्यानंतर बार्सेलोनाच्या कौंटांनीं फ्रान्सच्या राजापुढें निष्ठेची शपथ वाहिली नाहीं.