ध्वनिप्रदूषण : मागाच्या शेडपासून मिरवणुकीपर्यंत

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीनिमित्त मला बोलावयास सांगण्यात आले, तेव्हा कानांच्या आरोग्याविषयी चार उपयुक्त गोष्टी सांगाव्यात, एवढीच विश्वस्तांची अपेक्षा असावी. कान-नाक-घसा हा माझा व्यवसाय आणि इचलकरंजी हे माझे गाव. या दोहोंचा योग असा, की रुग्णांची मला कधी वाण पडली नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही.

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला. जहागिरदार नारायणराव घोरपडे यांचे त्यांना प्रोत्साहन होते. त्या एका मागाचा पुढे केवढा विस्तार झाला, हे आपणांस सांगावयास नको. आपल्यापैकी निम्म्या घरांची चूल त्यावर पेटलेली आहे. मात्र त्या दिवसापासून सुरू झालेला खडखडाट आपल्या अंगवळणी इतका पडला आहे, की रात्री वीज गेली म्हणजे आपणांस जाग येते ती शांततेने. बाहेरगावचे पाहुणे मुक्कामाला आले, की सकाळी विचारतात, ‘तुम्हांला झोप लागते तरी कशी?’ आपण हसतो आणि म्हणतो, ‘सवय झाली.’ आजचे माझे बोलणे या ‘सवय’ शब्दाविषयीच आहे.

माझ्या वडिलांचे आठ माग होते. मालक म्हणून गादीवर बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. रात्रपाळीचा माणूस आला नाही, तर ते स्वतः मागावर उभे राहत. अशी चाळीस वर्षे त्यांनी काढली आणि त्या आठ मागांच्या उत्पन्नातून मला डॉक्टर केले. कानाचे शास्त्र मी ज्या पैशांवर शिकलो, ते मिळविताना त्यांचे कान गेले. उतारवयात ते नेमाने प्रवचनाला येत आणि पहिल्या रांगेत बसत. लोकांना ती भक्ती वाटे. ती भक्ती होतीच. पण ते महाराजांच्या ओठांकडे पाहून शब्द जुळवीत असत, हे घरात केवळ मला ठाऊक होते. ‘मला ऐकू येते रे, पण समजत नाही,’ हे त्यांचे वाक्य पुढे मी शेकडो विणकरांच्या तोंडून ऐकले.

असे का होते, ते सांगतो. साध्या मागात धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मिनिटाला शंभराहून अधिक वेळा फेकला जातो आणि प्रत्येक फेरीला त्याला आपटून थांबवावे लागते. वर पत्र्याचे छप्पर आणि चोहोंकडे उघड्या विटांच्या भिंती असल्यामुळे आवाज बाहेर न जाता आतल्या आत परततो. अशा शेडमध्ये ध्वनीची पातळी ९० डेसिबलच्या वर असते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही खुणांनीच बोलावे लागते.

आता हे डेसिबल प्रकरण जरा समजून घेऊ, कारण सुशिक्षित माणसेही येथे फसतात. डेसिबल हे किलो किंवा लिटरसारखे सरळ माप नव्हे. एक माग ९० डेसिबल आवाज करीत असेल आणि शेजारी तसाच दुसरा सुरू केला, तर बेरीज १८० होत नाही, ९३ होते. असे दहा माग एकत्र आले तर १००. म्हणजे तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि दहा वाढले की दहापट. आपल्या कानाला मात्र दहा डेसिबलची ही वाढ अदमासे दुप्पटच वाटते. कानावर पडणारा मार दहापट आणि कानाने दिलेली वर्दी दुपटीची, असा हा हिशेब आहे. कोणत्याही मुनीमाने असा हिशेब दिला असता, तर आपण त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठविले असते.

आपल्या आचार्यांनी शब्दाला पुद्गलाचा पर्याय म्हटले आहे. ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या पाचव्या अध्यायात ते येते. इतर काही दर्शनांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला. आपल्याकडे मात्र तो जड द्रव्याशी जोडलेला आहे. मी तत्त्वज्ञानाचा अभ्यासक नाही आणि धर्मग्रंथांत आधुनिक विज्ञान शोधण्याचा मला नादही नाही. पण आवाज ही आदळणारी वस्तू आहे, ही कल्पना डॉक्टर म्हणून मला जवळची वाटते. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. ते कानाच्या पडद्यावर आदळतात, तीन नाजूक हाडांच्या साखळीतून आत जातात आणि गोगलगायीच्या शंखासारख्या वळलेल्या एका अवयवातील द्रवात लाटा उठवितात. त्या द्रवालगत सूक्ष्म केस असलेल्या पेशी आहेत. प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार. जन्मतः मिळालेल्या या पेशी ही आपली सगळी पुंजी. पक्ष्यांमध्ये अशा पेशी मेल्या तर नव्या उगवतात. माणसात उगवत नाहीत. तीव्र आवाजाने त्या आधी थकतात, विश्रांती मिळाली तर काही सावरतात आणि रोज मार बसला तर मरतात. मरताना दुखत नाही. दुखले असते, तर लोक वेळेवर माझ्याकडे आले असते.

प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपासचे, म्हणजे उंच पट्टीचे स्वर ऐकणाऱ्या पेशी जातात. श्रवणाच्या आलेखात तेथे खड्डा पडतो. स, श, त, फ यांसारखी व्यंजने अशा उंच पट्टीतली. स्वर ऐकू येतात, व्यंजने निसटतात. आवाज ऐकू येतो, शब्द समजत नाही. माझे वडील अगदी अचूक सांगत होते.

किती आवाज किती वेळ सोसावा, याचे एक गणित आहे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा सुचविली आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा केला. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, आणि १०० ला अवघी पंधरा मिनिटे. आपल्याकडील कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० ची मर्यादा आहे. पण लहान लहान शेडमध्ये ते कोण मोजतो? येथे बसलेल्या मागमालक बंधूंना माझी विनंती आहे. कानात घालावयाचे बोळे अगदी स्वस्त मिळतात. कामगार म्हणतात, बोळे घातले तर मागाचा बदललेला आवाज कळत नाही. चार दिवस तसे वाटते, मग कान सरावतो. पण मालक स्वतः शेडमध्ये बोळे न घालता फिरत असेल, तर कामगार घालणार नाही. धोट्याविना चालणारे नवे माग आले आहेत आणि त्यांत लाकडाची आदळआपट नाही, हे खरे. त्यांची किंमत सर्वांच्या आवाक्यातली नाही, हेही खरे.

शेडच्या बाहेर येऊ. वाहनांचे भोंगे, जनरेटर, बांधकाम, लग्नाची वरात, फटाके ही यादी आपणांस पाठ आहे, ती मी वाढवीत नाही. तरुण मित्रांच्या कानांतील इअरफोन मात्र त्यात नोंदवून ठेवतो.

कान शाबूत राहिले तरी आवाज शरीराला सोडत नाही. झोपलेल्या माणसाला मोठा आवाज झाला, तर तो जागा न होताही त्याची नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. सकाळी त्याला काही आठवत नाही, हृदयाच्या खाती मात्र जमा होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली पश्चिम युरोपपुरता हिशेब मांडला, तेव्हा मुख्यतः रहदारीच्या आवाजामुळे दरवर्षी निदान दहा लाख निरोगी आयुष्यवर्षे वाया जातात, असे निघाले. मला याहून लक्षात राहिलेला अभ्यास न्यूयॉर्कच्या एका शाळेचा आहे. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तो १९७५ साली प्रसिद्ध केला. शाळेच्या एका बाजूने उंचावरील लोहमार्ग जात होता. त्या बाजूच्या वर्गांतील मुले शांत बाजूच्या मुलांच्या मागे पडत. सहावीपर्यंत वाचनातील हे अंतर सुमारे एका वर्षाचे होई. बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पाठपुराव्यानंतर रुळांखाली रबरी गाद्या बसल्या, वर्गांना आवाज शोषणारी छते लागली, आणि नंतरच्या पाहणीत दोन्ही बाजूंच्या मुलांतील तो फरक नाहीसा झालेला आढळला. खाली माग आणि वर घर अशा इमारतीत अभ्यास करणारे मूल दिसले, की मला ती शाळा आठवते.

कायदा काय म्हणतो? १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्यात १९८७ साली दुरुस्ती होऊन आवाजाची गणना हवेच्या प्रदूषकांत झाली. पुढे १४ फेब्रुवारी २००० पासून ध्वनिप्रदूषणाचे स्वतंत्र नियम आले. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ व ५५, औद्योगिक भागात ७५ व ७०, शांतता क्षेत्रात ५० व ४०. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. त्या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. मर्यादा दहा डेसिबलने ओलांडली गेली, किंवा रात्रीच्या बंदीचा भंग झाला, तर कोणालाही तक्रार करता येते. ११२ क्रमांकावर पोलिसांना कळविता येते. आपल्या गावची अडचण अशी, की आपली गल्ली निवासी, व्यापारी आणि औद्योगिक एकाच वेळी असते. चार रकान्यांत ती बसत नाही.

आता ज्या विषयासाठी मी हे व्याख्यान स्वीकारले, त्याकडे येतो.

काही वर्षांपूर्वी आपल्याच वेदीप्रतिष्ठेची मिरवणूक निघाली होती. तिच्यात ‘डॉल्बी’ होती. (या शब्दाची गंमत पाहा. डॉल्बी नावाच्या अभियंत्याने १९६५ साली कंपनी काढली, आणि त्याचा नावलौकिक झाला तो ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करण्याच्या युक्तीमुळे. आपल्या भागात त्याचे नाव भिंतीएवढ्या कर्ण्यांना चिकटले. त्या कर्ण्यांचा त्याच्या कंपनीशी काही संबंध नाही.) परवानगीच्या अर्जावर सही करणाऱ्यांत मी एक होतो. फेटा बांधून पुढे चालतही होतो. दुसऱ्या दिवशी आपल्या समाजातील एक दहा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणला गेला. तो तासभर त्या कर्ण्यांच्या पुढ्यात नाचला होता. कानात सतत शिटी वाजते, म्हणून रडत होता. आलेखात ४००० हर्ट्झवर खड्डा होता. औषधोपचाराने तो काहीसा भरला. शिटी आजही पूर्ण थांबलेली नाही. त्याच्या आईने मला विचारले, ‘डॉक्टर, तुम्ही तर तिथेच होता ना?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

येत्या रविवारी सुवर्णमहोत्सवाची शोभायात्रा आहे. डॉल्बी सांगावी की नाही, यावर कार्यकारिणीत दोन मते आहेत, हे उघड गुपित आहे. तरुणांचे म्हणणे मी ऐकले : इतर सर्वांच्या मिरवणुका गाजतात, आपणच मुकाट्याने का जायचे? हा प्रश्न रास्त आहे, हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट २००० रोजी चेन्नईतील एका प्रार्थनास्थळाच्या प्रकरणात सांगितले, की इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करा, असे कोणताच धर्म सांगत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही जानेवारी २०२५ मध्ये, ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असा निर्वाळा दिला. हे दोन्ही निर्णय सर्व धर्मांना लागू आहेत; ते शेजाऱ्याला वाचून दाखवावयाचे असतील, तर आधी आपल्या दारात पाळावे लागतील.

डॉल्बीऐवजी ढोल-ताशा आणला म्हणजे प्रश्न सुटला, असेही नव्हे. ताशा वाजविणाऱ्यांचे कान मी तपासले आहेत. आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. नेहमीचे ध्वनिमापक माणसाच्या कानाप्रमाणे जुळविलेले असते. खर्जातील आवाज ते कमी धरते. डॉल्बीचा धक्का नेमका खर्जातला, जो भिंतींतून आरपार जातो. म्हणून मापकावर आकडा मर्यादित दिसूनही खिडक्यांची तावदाने हादरतात. ‘आकडा नियमात होता’ हा बचाव त्या घरात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या उपयोगाचा नाही.

माझा प्रस्ताव साधा आहे. डॉल्बी नको. एक बँड आणि एक झांजपथक पुरे, त्यांच्यात अंतर ठेवावे. रुग्णालयाच्या चौकापासून पुढच्या वळणापर्यंत वाद्ये बंद ठेवून णमोकार मंत्र म्हणत जावे. लहान मुलांना वाद्यांच्या पुढ्यात उभे करू नये. आणि दोन तरुणांनी ध्वनिमापक घेऊन संपूर्ण मार्गावर चालावे व आकडे लिहून काढावेत. मोबाइलवर मिळणारे मापक अंदाजापुरते ठीक, कायद्याच्या कामाचे नाही. म्हणून मी माझे यंत्र आणले आहे.

ते येथे टेबलावर आहे. मी बोलत असताना पहिल्या रांगेत ते ६५ च्या आसपास दाखवीत होते. मध्यंतरी आपण टाळ्या वाजविल्या, तेव्हा ८० च्या पुढे गेले. आता हे मागच्या रांगेत देतो. रविवारी कोण हातात धरणार आहे, त्याने पुढे यावे. ते कसे वापरायचे, हे मी आजच शिकवितो.