समुद्रातल्या शेतीचं तण



शेत म्हटलं की तण आलंच. समुद्रात मासे पाळले, तर तिथंही तण येतं. आज त्या तणाविषयी बोलू.

समुद्रात मासे कसे पाळतात? प्लॅस्टिकच्या जाड नळ्यांचं गोल कडं पाण्यावर तरंगत ठेवतात. त्याला खाली जाळं बांधतात. हा झाला पिंजरा. त्यात जिताडा वाढवतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २००७ साली विशाखापट्टणमजवळ उघड्या समुद्रात असा पिंजरा सोडला. पुढे हे काम इतर किनाऱ्यांवरही पसरलं.

पिंजरा पाण्यात गेला की त्यावर आधी बुळबुळीत थर बसतो. तो बारीक जंतूंचा असतो. मग शेवाळ येतं. मग शिंपले, कालवं येतात. होडीच्या तळाला पांढरे, धारदार खडे चिकटलेले तुम्ही पाहिले असतील. त्यांना बार्नेकल म्हणतात. तो खडा नव्हे, जिवंत प्राणी आहे. कोळंबी आणि खेकड्यांचा तो भाऊबंद. त्याची पिल्लं पाण्यात हिंडतात, जागा शोधतात. एकदा चिकटली की जन्मभर तिथंच राहतात.

यानं नुकसान काय? जाळ्याची भोकं बुजतात. ताजं पाणी आत येत नाही. माशांचा श्वास कोंडतो. जाळं जड होतं, लाटेच्या ओढीनं फाटतं. मासे निसटून जातात. वर्षाची मेहनत एका रात्रीत पाण्यात जाते!

मग विषारी रंग लावावा का? जरा थांबा. पूर्वी जहाजांना कथिलाचं विष घातलेला रंग देत. फ्रान्समध्ये आर्काशाँ नावाच्या खाडीत कालवांची शेती आहे. त्या रंगानं तिथल्या कालवांचे शिंपले वेडेवाकडे झाले, पिल्लं जगेनात. म्हणून १९८२ साली फ्रान्सने लहान होड्यांना तो रंग लावण्यावर बंदी घातली. २००८ पासून जहाजांवरही जगभर बंदी आली. आपल्याच ताटात येणाऱ्या पाण्यात विष का कालवावं?

आता एक बिनविषाचा उपाय निघाला आहे. तो आहे आवाजाचा. आवाज म्हणजे थरथर. सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा थरथर झाली, तर ती आपल्या कानाला कळत नाही. वटवाघळाला कळते. असा आवाज काढणारं छोटं यंत्र कड्याला घट्ट बसवतात. कडं बारीक थरथरतं. बुळबुळीत थर नीट धरत नाही. बार्नेकलच्या पिल्लांनाही चिकटणं अवघड जातं.

पण भुलू नका. पातेल्यावर चमचा मारा, खणखणतं. गोधडीवर मारा, काही ऐकू येत नाही. तसंच इथं आहे. होडीचा तळ, लोखंड, ताठ नळी यांतून थरथर पुढे जाते. जाळं मऊ आणि सैल. त्यात ती विरून जाते. म्हणजे यंत्रानं कडं राखलं, तरी जाळं राखलं असं समजू नये. शिवाय जुनं चिकटलेलं बार्नेकल त्यानं गळून पडत नाही. यंत्र बसवायचं तर पहिल्या दिवसापासून. तहान लागल्यावर विहीर खणून काय उपयोग?

यंत्राला वीजही लागते. समुद्रात ती कुठून आणणार? सूर्यावर चालणारी पाटी लावावी लागेल. आणखी एक गोष्ट. हा आवाज डॉल्फिनला ऐकू येतो. त्यांची ये-जा असेल, तिथं जाणत्या माणसाला विचारूनच यंत्र बसवावं.

यंत्र विकणारा आला, तर त्याला विचारा: "हे जाळ्यावर चालतं का? कुठं चालवलंत? आम्हाला दाखवाल का?" दाखवलं तरच पैसे मोजा. सोसायटीनं आधी एकाच पिंजऱ्यावर लावून पाहावं. शेजारी बिनयंत्राचा पिंजरा ठेवावा. फरक आपल्याच डोळ्यांना दिसेल.

तोवर जुनी रीत सोडू नका. दोन जाळी ठेवा. एक पाण्यात, एक काठावर. भोकं बुजण्याआधी जाळं बदला. काढलेलं जाळं कडक उन्हात वाळवा. मग झोडून, घासून स्वच्छ करा. उन्हाला दाम पडत नाही, आणि त्याचं विषही होत नाही.