एका घरात नांदणारे कायदे



मी कायद्याचा नव्हे, भाषेचा अध्यापक. तरीही आज हा विषय निवडला, कारण कायदा हाही अखेर शब्दांचाच व्यवहार आहे. आणि ज्याला ते शब्द कळत नाहीत, त्याच्यावरही त्याचा अंमल चालतो. कायद्याचे अज्ञान ही सबब न्यायालय ऐकत नाही.

कायदा म्हणजे काय? ऑस्टिन या इंग्रज विधिवेत्त्याने त्याला शिक्षेचा धाक असलेली सार्वभौम सत्तेची आज्ञा म्हटले. गोमंतकाला ही व्याख्या अपुरी पडते. पोर्तुगीज येण्यापूर्वीच येथील गावकऱ्या आपल्या शेतजमिनींचा आणि बांधांचा कारभार रूढीने चालवीत होत्या. १५२६ मध्ये अफोंसो मेशिया याच्या सनदेत त्या रूढी लिहून घेतल्या गेल्या. लोकांनी पाळलेला कायदा सत्तेने फक्त नोंदवला. रूढीजन्य आणि अधिनियमित कायदा, हा पहिला भेद येथे दिसतो.

मात्र रूढी जुनी म्हणून न्याय्य ठरत नाही. १८८० मध्ये येथील हिंदूंच्या चालीरीतींची जी संहिता झाली, तिने काही अटींवर पुरुषाला दुसऱ्या विवाहाची मुभा दिली. पत्नीला पुत्र न होणे हे त्यातील एक कारण होते. अन्यायही असा कलमांत बसवता येतो.

आता गोव्यातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. तेथे चोरी झाली तर फौजदारी कायदा येतो. तो गुन्हा समाजाविरुद्ध मानला जातो आणि खटला शासन चालवते. मुक्तीनंतर त्यासाठी भारतीय दंड संहिता लागू झाली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. घराची वाटणी निघाली तर दिवाणी कायदा येतो. तेथे वाद दोन पक्षांचा असतो. हक्क कोणता हे मूलभूत कायदा सांगतो, तो मिळवावा कसा हे प्रक्रियात्मक कायदा. घर भाटकाराच्या जमिनीवर असेल, तर १९७५ चा मुंडकार कायदा पाठीशी उभा राहतो. आणि या सर्वांच्या वर संविधान आहे. त्याच्याशी विसंगत कायदा टिकत नाही.

विवाह आणि वारसा यांबाबत मात्र गोव्याची वाट निराळी. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता येथे १८७० पासून लागू झाली. मुक्तीनंतर १९६२ च्या संसदीय कायद्याने जुने कायदे, बदल होईपर्यंत, चालू ठेवले. वारशाचा भाग २०१२ च्या गोव्याच्या अधिनियमात आला. त्याचा अंमल २०१६ पासून आहे. विवाहापूर्वी वेगळा करार नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते आणि निम्म्या हिश्शावर पत्नीचा हक्क असतो. निम्मी संपत्ती मुलांसाठी राखीव असून तीत मुलगा-मुलगी हा भेद नाही. कायद्यात सांगितलेल्या कारणांवाचून मृत्युपत्राने तो वाटा काढून घेता येत नाही.

असे असूनही वडिलांच्या पश्चात बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. ‘माहेर तुटायला नको’ एवढ्या एका वाक्यापुढे ती कागद वाचतही नाही. घर विकताना पत्नीची सही लागते. तिला तो उपचार वाटतो. वस्तुतः ती मालकिणीची सही असते. हक्क स्वखुशीने सोडणे वेगळे आणि तो आहे हेच ठाऊक नसणे वेगळे. पहिले औदार्य, दुसरे केवळ नुकसान.

या अज्ञानाचा दोष एकट्या तिचा नाही. ज्या संहितेवर आपले संसार उभे राहिले, तिचा शासकीय इंग्रजी अनुवाद राजपत्रात आला तो २०१८ मध्ये, सुमारे दीडशे वर्षांनी. कायदा घरात होता, पण घरच्या भाषेत नव्हता.

ग्रंथालयाचे काम येथे सुरू होते. कथा-कादंबऱ्यांशेजारी सुबोध मराठीतील कायद्याच्या पुस्तकांचे एक कपाट असावे. महिन्यातून एकदा एखाद्या वकिलाने येऊन शंकांची उत्तरे द्यावीत. या वाचनालयाने शंभर वर्षे आपल्याला वाचायला शिकवले. त्या शिक्षणाचा निदान एवढा उपयोग व्हावा, की आपल्या घरातील कोणतीही स्त्री न वाचता सही करणार नाही.