पेटीचा गंधार आणि मूळ मेथड



"कॉम्प्युटरवर गाणं लिहितेस म्हणजे नेमकं काय करतेस?" असं सकाळपासून पाचसात जणांनी विचारलं. सगळं सांगत बसले तर जेवण थंड होईल, म्हणून एकच गोष्ट सांगते.

सुपरकोलायडर नावाची भाषा जेम्स मॅकार्टनी यांनी १९९६ मध्ये आणली. २००२ पासून ती सर्वांना खुली आहे. आपण सूचना लिहितो भाषेत, आवाज काढतो तिचा सर्व्हर. तिच्यातली एखादी तयार मेथड पटली नाही, तर मूळ फाइलला हात न लावता बदलता येते. एक्स्टेंशन्सच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवायची. तिच्यात अधिकचं चिन्ह, क्लासचं नाव आणि त्याच नावाची आपली मेथड लिहायची. लायब्ररी पुन्हा कंपाइल केली की आपली चालू, मूळची झाकली जाते.

मी तंबोऱ्याचा प्रोग्रॅम लिहितेय. या भाषेत मिडिसीपीएस ही मेथड सुराच्या क्रमांकावरून कंपनसंख्या देते; ६९ ला ४४०. सप्तकाचे १२ सारखे भाग, म्हणजे हिशोब पेटीचा. काळी चारचा षड्ज २०७.६५ हर्ट्झ, तर पेटीचा गंधार २६१.६३. तंबोऱ्यातून ऐकू येणारा, षड्जाच्या ५/४ पट असलेला गंधार २५९.५७. दोन्ही एकत्र लावले की सेकंदाला दोनेक हेलकावे येतात. आपल्या गाण्याच्या बाई पेटी मिटून गंधार लावायला सांगायच्या, तो यासाठीच!

मग मिडिसीपीएसच बदलावी? मला ते पटत नाही. क्रमांक ६० हा काळी चारचा गंधार, पण पांढरी एकचा षड्ज. नुसत्या क्रमांकाला षड्ज कुठला ते कळणार कसं? शिवाय त्याच नावाचा हिशोब सर्व्हर स्वतःही करतो, तिथे आपली फाइल पोचत नाही. एकाच सुराच्या दोन कंपनसंख्या व्हायच्या. रियाजाला बसलेल्या मुलीला फाइल दिसत नाही, तिला गंधार ऐकू येतो आणि तोच गळ्यात बसतो. म्हणून मी वेगळ्या नावाची मेथड लिहिली. तिला आधी षड्ज सांगावा लागतो.

मूळ मेथड झाकणं कधीच करू नये, असं नाही. लायब्ररीतल्या चुकीने काम अडलं तर मीही करते. पण झाकलेल्या मेथडला आतून हाक मारता येत नाही, वारशातल्या 'सुपर'सारखी सोय नाही. पुढच्या आवृत्तीत मूळ चूक दुरुस्त झाली तरी आपली जुनी मेथड वर बसलेलीच. सुरू होताना भाषा तशी सूचना देते. ती वाचायची सवय मात्र हवी.

गंधार जमला. धैवत ५/३ घ्यायचा की २७/१६, हे रागावर ठरतं. त्यासाठी बाई, जेवणानंतर तुमची अर्धा तास शिकवणी हवी.