उभ्या गाडीचे टायर



ज्या व्यासपीठावरून आपण वेदान्त, इतिहास आणि राज्यकारभार यांवरील विवेचने ऐकत आलात, तेथे मोटारीच्या टायरांविषयी बोलावयाचे, हे धारिष्टच म्हणावे लागेल. परंतु ज्या शहरांतील सोसायट्यांच्या आवारांत पाय ठेवावयास जागा उरू नये इतक्या मोटारी उभ्या आहेत, आणि त्यांतील पुष्कळशा आठवड्यातून एकदा भाजीबाजारास व वर्षातून एक-दोन वेळा कुलदैवतास जाण्यापुरत्याच जागच्या हलतात, तेथे या विषयाचा संबंध घरच्या जमाखर्चाशी आणि घरच्या माणसांच्या जिवाशीही पोचतो.

टायर बदलण्याची वेळ आली, की दुकानदार भारी आणि स्वस्त असा दोन प्रतींचा माल पुढे करतो, आणि तेथेच कुटुंबात दोन पक्ष पडतात. ‘गाडी फिरतेच कुठे?’ असे म्हणणारा पक्ष स्वस्ताकडे वळतो. ‘जिवापेक्षा पैसा मोठा आहे का?’ असे विचारणारा पक्ष भारी मालाचा आग्रह धरतो. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्यांश आहे. परंतु अधिक पैशाच्या मोबदल्यात नेमके काय पदरात पडते, याची फोड केल्यावाचून त्यांचा निवाडा होणे नाही.

भारी टायर आपणांस साधारणतः चार गुण विकतो: दीर्घ आयुष्य, इंधनाची बचत, अतिवेग सोसण्याची ताकद आणि ओल्या रस्त्यावरील पकड. पैकी पहिल्याचा हिशेब मांडून पाहू. एखादा टायर ४०,००० किलोमीटर चालेल असे धरले आणि गाडीची वार्षिक दौड ३,००० किलोमीटर असली, तर त्याची नक्षी झिजावयास तेरा वर्षांहून अधिक काळ लागेल. परंतु रबराची मुदत किलोमीटरवर ठरत नाही. १८३९ साली चार्ल्स गुडइयरने गंधकाच्या योगाने रबरास टिकाऊपणा आणण्याची जी क्रिया शोधून काढली, तिने रबराचे आयुष्य वाढले, तथापि त्यास अमरत्व लाभले नाही. हवेतील प्राणवायू आणि ओझोन त्यास अहोरात्र पोखरीत असतात, ऊन त्यांना साहाय्य करते, आणि रबर हळूहळू कठीण व ठिसूळ होत जाते. या ऱ्हासास आवर घालण्यासाठी रबरात जी मेणासारखी संरक्षक द्रव्ये मिसळलेली असतात, ती टायर चालताना दबतो व फुगतो तेव्हा पृष्ठभागावर सहज येतात. एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीस हे संरक्षण पुरतेपणी मिळत नाही. म्हणूनच पाच वर्षांनंतर दरसाल तज्ज्ञाकडून तपासणी करावी आणि दहा वर्षे भरताच, टायर दिसावयास कितीही चांगला असला तरी, तो बाद करावा, असे काही नामांकित कारखानदार सांगतात. कित्येक मोटार कंपन्या तर सहा वर्षांचीच मर्यादा घालतात. सबब, ज्यास नक्षी शाबूत असतानाच टायर टाकून द्यावा लागणार, त्याने अधिक किलोमीटरांसाठी अधिक दाम मोजणे हा निव्वळ तोटा होय.

इंधनाच्या बचतीचीही गत तीच. जी गाडी मुळात पेट्रोलच थोडे जाळते, ती वाचवून वाचवून किती वाचविणार? वेगाविषयी म्हणाल, तर टायरच्या अंगावर छापलेले ‘टी’ हे अक्षर ताशी १९० आणि ‘व्ही’ हे अक्षर ताशी २४० किलोमीटरांची क्षमता सांगते. आणि आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर सपाटीवरसुद्धा मोटारींस मुभा आहे ती ताशी १०० ची. गाडीच्या पुस्तिकेत जे अक्षर व जो भारांक फर्मावलेला असेल, त्याखाली उतरू नये. त्याच्या वर जाण्याचे मात्र प्रयोजन नाही.

राहिली पकड, आणि येथे प्रकरण एकदम पालटते. रस्त्याशी गाडीचा संबंध काय तो प्रत्येक चाकाखालच्या तळहाताएवढ्या रबरापुरता. ताशी ६० च्या वेगाने जाणाऱ्या दोन गाड्या घ्या. ओल्या डांबरावर एकीचा घर्षणांक ०.६ आणि दुसरीचा ०.५ आहे असे समजा. दोघींनी एकाच क्षणी ब्रेक दाबला, तर पहिली सुमारे २४ मीटरांत थांबते. आणि ती जेथे निश्चल उभी राहते, नेमक्या त्याच ठिकाणी दुसरी अद्याप ताशी २४ किलोमीटरांच्या वेगाने पुढे चाललेली असते. तेथे एखादे शाळकरी पोर उभे असेल, तर ही गाडी वर्षाकाठी ३,००० किलोमीटर चालते की ३०,०००, हा प्रश्न निरर्थक ठरतो. पकडीवर खर्चिलेला पैसा अल्पचल गाडीसही तितकाच लागू आहे.

आता निवाडा उघड आहे. माहितीतल्या, भरवशाच्या कारखान्याचा मध्यम दराचा, ओल्या रस्त्यावरील पकडीबद्दल नाव असलेला टायर घ्यावा. दीर्घायुष्याची जाहिरात कानाआड करावी. निनावी अतिस्वस्त माल आणि जुन्यावर नवी नक्षी चढविलेले टायर यांस हात लावू नये. भारतीय मानक चिन्ह पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, टायरच्या कडेवरील लंबगोल चौकटीतले चार अंक स्वतः वाकून वाचावेत: २३१९ असे असल्यास तो माल २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. ज्यास वर्षांच्याच हिशेबाने टायर बदलावयाचे, त्याने दुकानात तीन वर्षे पडून राहिलेला माल सवलतीत घेतला, तर सवलतीहून अधिक आयुष्य तो दुकानातच ठेवून आला असे समजावे.

खरेदीनंतरचे कर्तव्यही थोडे आहे. उभ्या गाडीच्या टायरांतून दरमहा एक-दोन पौंड हवा आपोआप उतरते. कमी हवेवर महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या टायरचा खालचा भाग चपटतो आणि चाक थडथडू लागते. तेव्हा महिन्यातून एकदा हवा भरावी आणि आठवड्यातून एकदा गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणावी.

श्रोतेहो, मृग महिन्याभरावर आला आहे. घरी गेल्यावर आपापल्या गाडीच्या चारही टायरांच्या तारखा वाचा, नक्षीच्या खाचांत आणि कडांवर केसाएवढ्या भेगा पडल्या आहेत काय ते बोट फिरवून पाहा. आणि डिकीतली स्टेपनी विसरू नका, कारण ती एकदाही न चालता इतरांइतकीच म्हातारी झालेली असते.