तारेचा हजेरी क्रमांक



आपल्या शेलूबाजार परिसरातील पुष्कळ मुले दहावीनंतर आय.टी.आय.ची वाट धरतात. वायरमन, इलेक्ट्रिशियन होऊन कोणी पुण्या-मुंबईचा कारखाना गाठू इच्छितो, तर कोणी आखाती देश. त्यांच्यासाठी आज विषय घेतला आहे केबलमधील तारा ओळखण्याचा.

घरातील वायरिंगमध्ये तारा मोजक्या असतात, म्हणून रंगावर काम भागते. परंतु शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पारसचे वीजकेंद्र घ्या. २५० मेगावॅटचे दोन संच चालवायचे म्हणजे हुकूम आणि खबर पोहोचवणाऱ्या केबली किती लागत असतील! अशा एकेका केबलीत बारा किंवा एकोणीस तारा असू शकतात. प्रत्येक आवरणयुक्त तारेला कोअर म्हणतात.

आय.एस. १५५४ या भारतीय मानकात तीन कोअरचे रंग लाल, पिवळा, निळा. चौथी काळी, पाचवी करडी. त्यापुढे रंग पुरत नाहीत. मग प्रत्येक थरात एक निळी व तिच्या शेजारी एक पिवळी ठेवून बाकीच्या करड्या ठेवतात आणि त्या जोडीपासून मोजणी करतात. अथवा कोअरवर आकडेच छापतात. एकाच वर्गात शेख इरफान नावाची तीन मुले असली, तर शिक्षक काय करतो? हजेरी क्रमांक पुकारतो. येथेही तोच न्याय.

कारखान्यातून आलेला आकडा मात्र पुरेसा नाही. तार कोठून निघाली व कोठे पोहोचली, हे केबल शेड्यूलमध्ये आणि टर्मिनलच्या तक्त्यात लिहावे लागते. तोच क्रमांक फेरूल नावाच्या लहानशा नळीवर घालून तारेच्या दोन्ही टोकांना चढवतात. ६ आणि ९ उलटसुलट वाचले जाऊ नयेत म्हणून आकड्याखाली रेघ असते. न वापरलेली कोअरसुद्धा कागदावर 'राखीव' म्हणून नोंदवावी.

ही निव्वळ टापटीप नव्हे. करंट ट्रान्सफॉर्मरमधून वीज वाहत असताना त्याच्या दुय्यम बाजूची तार कोणी राखीव समजून सोडली, तर तेथे प्राणघातक दाब निर्माण होऊ शकतो. रंगाचा भरवसा तर परदेशात आणखीच धोक्याचा. आपल्याकडे रूढ पद्धतीत काळी तार न्यूट्रल आणि निळी तिसरी फेज. ब्रिटनने २००४ साली युरोपीय रंग स्वीकारले. त्यात निळी न्यूट्रल आणि काळी फेज! हीच पद्धत इतर देशांतही आढळते. आपल्या सवयीने काळ्या तारेला हात लावणारा मुलगा जिवाशी खेळतो. म्हणून आधी नकाशा पाहावा, फेरूल वाचावी, वीज बंद करून टेस्टरने खात्री करावी, मगच तारेला हात लावावा.

विद्यार्थी मित्रांनो, वहीत स्वच्छ आकडे काढणे, तक्ता नीट भरणे, केलेला बदल त्याच दिवशी नोंदवणे, या सवयी शाळेतच लागतात. आपण लिहिलेला क्रमांक दहा वर्षांनी एखादा अनोळखी कारागीर वाचणार आहे आणि त्याचा जीव त्या अक्षरावर अवलंबून राहणार आहे. पालकांनीही मुलांच्या गुणांबरोबर त्यांच्या वह्यांवर नजर टाकावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जयहिंद!